मुखडा पाठ, अंतरा दुर्मीळ

व्हिडिओ गेमचे संगीत हा बहुधा एकमेव संगीतप्रकार आहे, ज्यात रचना कुठपर्यंत ऐकायला मिळणार हे श्रोत्याच्या अंगठ्यांवर अवलंबून असते. मैफलीत रसिकाचा डोळा लागला तरी गायक भैरवीपर्यंत पोहोचतो. सिनेमात प्रेक्षक वडा आणायला बाहेर गेला तरी पार्श्वसंगीत त्याच्यासाठी खोळंबत नाही. गेममध्ये मात्र खेळाडू खड्ड्यात पडला की संगीतही त्याच्यामागोमाग पडते, चारसहा स्वरांत त्याची फजिती जाहीर होते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्यामुळे या संगीताचे बहुतेक जाणकार मुखड्यात पारंगत आणि अंतऱ्याबाबत अनभिज्ञ असतात. आवडत्या साउंडट्रॅकविषयी त्यांचे मत विचारताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अमुक धून आपल्याला फार प्रिय आहे असे कोणी डोळे मिटून सांगितले, तर तो त्या लेव्हलवर फार दिवस अडकला होता, एवढे खुशाल धरून चालावे.

या परंपरेचा आरंभ संगीताने नव्हे, टुकटुक आवाजाने झाला. 1972 साली अटारी कंपनीत अ‍ॅलन अल्कॉर्न हे अभियंते ‘पाँग’ हा टेबल टेनिससारखा गेम तयार करत होते. मालक नोलन बुशनेल यांना चेंडू टोलवताना प्रेक्षकांचा जल्लोष ऐकू यायला हवा होता. त्यांचे भागीदार टेड डॅबनी यांना हुर्यो हवी होती. अल्कॉर्न यांच्याकडे जल्लोषापुरतेही सुटे भाग नव्हते आणि हुर्योपुरतेही. पडद्यावरचे चित्र जागच्या जागी ठेवणाऱ्या सर्किटमध्ये आपोआप कोणकोणते सूर तयार होत आहेत ते त्यांनी चाचपून पाहिले आणि त्यातले बरे वाटले ते स्पीकरला जोडून दिले. दोन मालकांच्या मतभेदात तिसऱ्याने हाताशी असेल त्यावर भागवले, आणि एका कलेचा पाया घातला गेला.

सहा वर्षांनी, 1978 साली, जपानच्या टाइटो कंपनीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणला. त्याचे जनक तोमोहिरो निशिकादो. त्यातले पार्श्वसंगीत म्हणजे खर्जातले चार उतरते स्वर, एकामागून एक, न थांबता. पाचव्याची गरजच पडली नाही. यंत्राला पडद्यावर जितके कमी परग्रहवासी काढावे लागत तितके उरलेले झपाझप सरकत. हा खरे तर यंत्राचा अशक्तपणा होता, पण निशिकादो यांनी तो तसाच ठेवला आणि चार स्वरांची लयही त्याबरोबर वाढत गेली. म्हणजे खेळाडू जितका चांगला खेळेल तितकी त्याची छाती जास्त धडधडणार, अशी सोय झाली. माणसाला घाम फोडायला चार स्वर पुरतात हे त्या वर्षी सिद्ध झाले. पुढच्या काळात याच कामासाठी नव्वद वादक आणि लॅटिन गाणारा वृंद लागू लागला, याला प्रगती म्हणावे की उधळपट्टी, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे.

खरी कसोटी लागली ती घरगुती यंत्रांच्या काळात. निन्टेन्डोचे फॅमिकॉम हे यंत्र 1983 साली जपानात आले. त्याच्या चिपमध्ये एकूण पाच आवाज होते. दोन पिपाणीसारखे, चाल आणि जोडसूर धरायला. तिसरा गोलसर, खर्जासाठी. चौथा नुसती खरखर, जिच्यातून ताल काढायचा. आणि पाचवा ध्वनिमुद्रणाचे बारके तुकडे वाजवणारा, ज्याला कित्येक गेम कामच देत नसत. शिवाय उडी, गोळीबार, नाण्याची किणकिण हे सगळे याच पाचांनी उरकायचे. त्यामुळे चाल रंगात आली असताना तिचा एक सूर मध्येच गायब होई, नाणे वाजवून येई आणि जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा चालीत मिसळे. लोभी खेळाडूला तेच संगीत जरा जास्त भोकांचे ऐकू येत असे.

या पाच आवाजांतून जगातली बहुधा सर्वांत जास्त वेळा ऐकली गेलेली धून काढणारे गृहस्थ म्हणजे कोजी कोंदो. जन्म नागोया, 1961. निन्टेन्डोत नोकरी 1984 पासून. 1985 साली आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा गेम, म्हणजे त्यातली चित्रे, शत्रू, किल्ले, राजकन्या आणि संगीत धरून, 40 किलोबाइटचा होता. नात्यातल्या काकांकडून रोज पहाटे येणारे ‘शुभ सकाळ’चे गुलाबाचे चित्र सहसा याहून जड असते. एवढ्या जागेत लांबलचक रचना बसणे शक्य नव्हते. चाल छोटी हवी, तिचे शेवटचे टोक पहिल्या टोकात बेमालूम मिसळायला हवे, आणि शंभराव्या फेरीलाही खेळाडूने यंत्र खिडकीबाहेर फेकू नये इतकी ती सोसवायला हवी. शास्त्रीय संगीताच्या कोणत्याही घराण्याने आपल्या शिष्यांना ही शेवटची अट घातल्याचे ऐकिवात नाही.

कोंदो यांनी चाल बांधताना कान जितका वापरला तितकाच मारिओ या प्लंबर नायकाच्या धावण्या-उड्यांचा अंदाजही. पडद्यावरच्या हालचालीशी न जुळणारी चाल, मग ती कितीही गोड असो, त्यांना नको होती. म्हणूनच जमिनीवरची धून ठुमकत, अडखळत, पुन्हा सावरत पळते. पाण्याखालची लेव्हल आली की तीच यंत्रणा तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये शिरते, कारण पोहणारा प्लंबर घाईत शोभत नाही. तळघरात मोजके स्वर, मग लांब शांतता, मग पुन्हा तेच स्वर. जागा वाचवण्याची ही युक्ती गूढता म्हणून खपून गेली. आणि वेळेचा आकडा 100 च्या खाली आला की सगळी धून एकदम जलद लयीत जाते. यात नवी माहिती काहीच नसते, आकडा वर कोपऱ्यात दिसतच असतो. पण आकडा पाहून कोणी घाबरत नाही, लय वाढली की घाबरतो, आणि घाबरून नेमका खड्ड्यात उडी मारतो.

युरोपात याच सुमारास कमोडोर 64 या संगणकाचे राज्य होते. त्याच्या सिड नावाच्या चिपला तीनच आवाज, म्हणून रॉब हबर्ड आणि मार्टिन गॉलवे यांच्यासारखे संगीतकार तीन-चार स्वर इतक्या वेगाने एकापाठोपाठ एक वाजवत की कानाला ते एकत्रच वाजल्यासारखे वाटावेत. एका माणसाने चार जणांची हजेरी लावावी तसला हा प्रकार होता, पण तो त्या काळाची ओळख बनला. गेम कॅसेटवरून चढायला कित्येक मिनिटे लागत. ती वाट सुसह्य व्हावी म्हणून त्या वेळेपुरते वेगळे संगीत दिले जाई. काही गेम असे होते की वाट पाहणे संपून खेळ सुरू झाला, की ग्राहकाची निराशा होई.

सगळ्याच धुना चिपवर जन्मल्या असे मात्र नाही. ‘झेल्डा’च्या पहिल्या गेमच्या सुरुवातीला राव्हेलचे ‘बोलेरो’ वापरायचे, असे कोंदो यांनी ठरवले होते. गेम पुरा होत आला तेव्हा लक्षात आले की राव्हेल वारले 1937 च्या डिसेंबरात, आणि त्यांचा स्वामित्वहक्क अजून संपलेला नाही. कोंदो यांनी मग एका रात्रीत पर्यायी धून तयार केली. ती 1986 पासून आजतागायत जगभर वाजते आहे. राव्हेल यांनी थोडे आधी डोळे मिटले असते, तर ही धून जन्मालाच आली नसती.

‘टेट्रिस’ची कथा याच्या उलट. हा गेम अलेक्सी पाजित्नोव यांनी 1984 साली मॉस्कोत बनवला, आणि तो निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात धरण्याच्या यंत्रावर 1989 साली आला, तेव्हा हिरोकाझू तानाका यांनी त्याला ‘कोरोबेइनिकी’ या रशियन लोकगीताची चाल दिली. मूळ शब्द नेक्रासोव या कवीच्या 1861 मधल्या कवितेतले. विषय फिरत्या विक्रेत्याचा: पेटीतला माल, एक तरुणी, आणि दोघांमधली घासाघीस. आज ही चाल कानावर पडली की विक्रेताही आठवत नाही आणि तरुणीही. आठवते ती उभी लांब पट्टी, जी हवी असते तेव्हा कधीही येत नाही. 1992 साली याच चालीची नाचाची आवृत्ती डॉक्टर स्पिन या नावाने ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेली. या नावाआड अँड्र्यू लॉइड वेबर होते. संगीतिकांचा एवढा मोठा माणूस वेगळे नाव घेऊन ठोकळ्यांच्या चालीवर काम करतो, यावरून त्या चालीचा मोह आणि त्या काळातली तिची पत, दोन्हींचा अंदाज येतो.

महाराष्ट्रात हे संगीत आले ते मागच्या दाराने. नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत शिरलेला ‘टीव्ही गेम’ हा बहुधा फॅमिकॉमची नक्कल असे, आणि त्याच्यासोबत मिळणाऱ्या पिवळ्या कॅसेटवर ‘9999999 इन 1’ असा दणदणीत दावा छापलेला असे. प्रत्यक्षात पाचपंचवीस गेम. उरलेले सारे तेच गेम वेगळ्या नावाने, वेगळ्या लेव्हलपासून. अशा कॅसेटींवरच्या यादीच्या पानावर पुष्कळदा समुद्रकिनारा असे, पक्षी उडत असत, आणि एक हुरहूर लावणारी धून वाजत असे. ती 1955 सालच्या ‘अनचेन्ड मेलडी’ या अमेरिकन प्रेमगीताची चिपवर उतरवलेली आवृत्ती होती. चोरीच्या कॅसेटवर, उचललेल्या गेमच्या यादीमागे, उचललेले गाणे. ‘कॉन्ट्रा’ निवडायला आलेली दहा वर्षांची मुले अशी विरहगीताच्या साथीने युद्धावर निघत, आणि आज चाळिशीला आल्यावर मूळ गाणे एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये ऐकून ‘अरे, हे तर गेमचं म्युझिक!’ म्हणून दचकतात.

घरात टीव्ही एकच, तोही बाहेरच्या खोलीत, त्यामुळे या संगीताचा सर्वांत निष्ठावान श्रोतृवर्ग खेळणाऱ्यांचा नव्हता. पोळ्या लाटणाऱ्या आईला पडदा दिसत नसे, पण लय वाढली की चिरंजीवांचा खेळ आटोपत आला, हे तिला पोळी उलटतानाच कळे. फजितीची धून वाजली की ‘मेलास ना? आता ऊठ, ताटं घे’ अशी हाक येई. पश्चिमी समीक्षकांनी गेमसंगीताची जी अनेक कार्ये सांगितली आहेत त्यांत ताटे मांडण्याचा इशारा हे कार्य आढळत नाही. जेवणासाठी खेळ थांबवता येई, पण बंद करता येत नसे, कारण या गेममध्ये प्रगती जपून ठेवण्याची सोय नव्हती. मग टीव्ही बंद आणि डबा चालू, अशा अवस्थेत तो वरणभात होईपर्यंत तापत राही.

गेम पार्लरमध्ये प्रकरण आणखी वेगळे. तिथे अंधाऱ्या गाळ्यात पाचसहा यंत्रे एकाच वेळी वाजत, प्रत्येक यंत्र गिऱ्हाईक ओढण्यासाठी आपापली धून फुकट वाजवून दाखवी, आणि वर मालकाचा टेपरेकॉर्डर हिंदी गाणी लावून बसलेला असे. ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ हा कॅपकॉमचा 1993 चा गेम इथे त्यातल्या एका पात्रावरून ‘मुस्तफा’ म्हणून ओळखला गेला. पूर्ण नाव उच्चारेपर्यंत नाणे संपले असते. ‘स्ट्रीट फायटर 2’ (1991) चे बहुतेक संगीत योको शिमोमुरा यांचे. त्यात प्रत्येक देशाच्या लढवय्याला आपापली धून होती आणि एखाद्याची शक्ती संपत आली की ती धून जलद होई. भारताच्या वाट्याला आला तो ढालसिम: योगी, हातपाय रबरासारखे लांबवणारा, तोंडातून ज्वाळा काढणारा, मागे हत्तींची रांग. साथीला जपानी स्टुडिओत कल्पिलेले भारतीय संगीत. इथल्या खेळाडूंनी त्याबद्दल निषेध वगैरे नोंदवला नाही. त्यांना ढालसिम हळू चालतो, एवढीच तक्रार होती.

या देवाणघेवाणीची परतफेड पुढे झाली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने 2020 साली ‘राजी’ हा पौराणिक भारतात घडणारा गेम काढला. देवदानव, मंदिरे, बहीणभाऊ सगळे इथले. संगीत मात्र लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे. जपानी माणसाने केलेला ढालसिम ज्यांनी हसून पचवला, त्यांना यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते, आणि ते संगीत बेताचेही नव्हते.

शाळांच्या संगणक-खोल्यांत तर संगीत जवळजवळ नव्हतेच, कारण साउंड कार्ड ही चैन होती. संगणकाच्या पोटातला स्पीकर एका वेळी एकच स्वर काढी. तरीही ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (1989) मधली मरणाची धून एका पिढीला पाठ आहे. हा गेम जॉर्डन मेकनर या तरुणाने एकहाती लिहिला आणि संगीत वडिलांकडून करून घेतले. वडील फ्रान्सिस मेकनर व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ. मुलगा दिवसभर संगणकापुढे बसतो म्हणून घरोघरी वडील करवादत असताना एका वडिलांनी त्याच कामाला चाल लावून दिली. पालक-सभांमधून हे उदाहरण फारसे दिले जात नाही.

संगीताने खेळाडूच्या कर्तबगारीप्रमाणे वागावे ही कल्पना पुढे चांगलीच फोफावली. 1991 च्या ‘सॉनिक’मध्ये नायक पाण्याखाली फार वेळ राहिला की नेहमीची चाल तुटते आणि गुदमरण्याची उलटगणती सुरू होते, क्षणाक्षणाला अधिक तीव्र. त्या छोट्याशा धुनेने जेवढी माणसे भेदरवली तेवढी कित्येक भयपटांना जमलेले नाही. सॉनिकचे बाकीचे संगीत ‘ड्रीम्स कम ट्रू’ या जपानी पॉप बँडच्या मासातो नाकामुरा यांचे, अगदी प्रसन्न. पण चारचौघांत विषय निघाला की ऐकवून दाखवली जाते ती गुदमरण्याचीच चाल. त्याच वर्षी लुकासआर्ट्सच्या ‘मंकी आयलंड 2’ मध्ये मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी आयम्यूज ही प्रणाली वापरली. नायक बाजारातल्या एका दुकानातून दुसऱ्यात गेला की चाल तीच राहते, वाद्ये बदलतात, आणि सांधा कुठे ऐकू येत नाही. कौशल्य इतके सफाईदार की बहुतेकांच्या ते लक्षातच आले नाही. पडद्यामागच्या कामाची अशी कदर इतर क्षेत्रांतही होते.

तयार गाणी विकत घेऊन गेममध्ये घालणे हा सोपा मार्ग. ‘रोड रॅश’च्या सीडीवरच्या आवृत्तीत साउंडगार्डनसारख्या बँडची गाणी होती, पण ती वाजत यादीच्या पानावर; शर्यतीत वेगळेच संगीत. त्यामुळे मोटारसायकल निवडण्यास लागणारा वेळ वाढला. 2002 च्या ‘जीटीए: व्हाइस सिटी’मध्ये गाडीत चक्क रेडिओ होता आणि त्यावर ऐंशीच्या दशकातली गाणी. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून पोरे चोरलेली गाडी समुद्रकाठी उभी करत आणि गाणे संपेपर्यंत कुणालाही मारत नसत. संगीताने माणूस सुधारतो या मताला एवढा पुरावा दुसरीकडे सापडणे कठीण. मात्र विकतच्या गाण्यांचा परवाना संपतो. 2008 च्या ‘जीटीए 4’ मधली बरीच गाणी दहा वर्षांनी, 2018 साली, अपडेटसोबत काढून घेतली गेली. शहर तेच, गाड्या त्याच, दंगेधोपे अबाधित. फक्त गाणी बेकायदा झाली होती.

जपानी संगीतकारांचे हाल वेगळ्या प्रकारचे होते. आपली माणसे दुसऱ्या कंपनीने पळवू नयेत म्हणून कंपन्या त्यांची खरी नावे श्रेयनामावलीत देत नसत. ‘कॅसलव्हेनिया’च्या अखेरीस संगीतकार म्हणून जेम्स बनाना असे नाव झळकते, प्रत्यक्षात त्यामागे किनुयो यामाशिता या बाई होत्या. ‘क्रोनो ट्रिगर’चे (1995) संगीतकार यासुनोरी मित्सुदा स्क्वेअर कंपनीत ध्वनीपरिणाम करत होते. संगीत करू दिले नाही तर नोकरी सोडतो, असे त्यांनी वरिष्ठांना बजावले. काम मिळाले, आणि ते इतके मनापासून केले की पोटात अल्सर होऊन ते रुग्णालयात दाखल झाले. उरलेल्या चाली नोबुओ उएमात्सु यांनी पूर्ण केल्या.

हे उएमात्सु संगीत स्वतःच शिकलेले. 1994 च्या ‘फायनल फँटसी 6’ मध्ये त्यांनी चक्क ऑपेरा घातला. हा गेम ज्या यंत्रावर चाले त्याला ध्वनीसाठी 64 किलोबाइट स्मृती आणि आठ आवाज होते, त्यामुळे गायिकेच्या तोंडून शब्द निघत नाहीत, माणसासारखा वाटणारा एक सूर निघतो आणि ओळी खाली लिहून येतात. सेलेस ही सेनानी खऱ्या गायिकेच्या जागी रंगमंचावर उभी राहते. खेळाडूने तिचे पद आधी पाठ करायचे आणि प्रयोगात योग्य ओळ निवडायची. चुकला की प्रयोग ढासळला. तेवढ्यात वर माळ्यावर एक ऑक्टोपस चार टनांचे वजन गायिकेच्या डोक्यात घालण्याच्या तयारीत असतो आणि त्याला पाच मिनिटांत गाठायचे असते, वाटेत उंदीर. चाल मात्र खरोखर उत्तम आहे, आणि तीच या प्रसंगाची गंमत. इतक्या गंभीरपणे बांधलेल्या संगीताखाली इतका पोरकट गोंधळ घालण्याची हिंमत संगीत नाटकांनीही क्वचितच केली असेल.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘माइनक्राफ्ट’. त्याचे संगीत सी418 या नावाने लिहिणारे जर्मन संगीतकार डॅनिएल रोझेनफेल्ड यांचे. त्यात पियानोचे थोडके स्वर येतात, मन रमते न रमते तोच थांबतात, आणि पुढची कित्येक मिनिटे नुसते खोदकाम ऐकू येते. अशा संगीताचा उपयोग अभ्यासाला होतो, हा शोध विद्यार्थ्यांचा. त्यात तथ्य आहे. गेमचे संगीत मुळातच माणसाला तासन्‌तास एका कामाला जुंपून ठेवण्यासाठी आणि तरीही त्याचे लक्ष स्वतःकडे न ओढण्यासाठी बांधलेले असते. ज्या आवाजापायी एका पिढीची नववी बुडाली, त्याच आवाजावर पुढची पिढी प्रवेशपरीक्षा देते, आणि खोलीबाहेर उभ्या आजोबांना आत काय चालले आहे याचा निकाल करता येत नाही.

आवडीनिवडीच्या वादांत साधारण तीन पक्ष दिसतात. पहिल्याच्या मते खरे संगीत चिपबरोबर संपले. दुसऱ्याला ऑर्केस्ट्रा आणि कोरस लागतो. ‘फायनल फँटसी 7’ मधल्या सेफिरॉथच्या लॅटिन गर्जनेवर या पक्षाचे पोट भरते. तिसरा पक्ष लहान पण कडवा. त्याला लढाईचे नव्हे, दुकानाचे, सरायीचे, प्रगती जपण्याच्या खोलीचे संगीत आवडते, जिथे कोणी मारायला येत नाही. वयोमानाप्रमाणे माणसे पहिल्या पक्षातून तिसऱ्यात जाताना आढळतात.

प्रतिष्ठेचा प्रश्नही हळूहळू सुटला. ‘सिव्हिलायझेशन 4’ साठी ख्रिस्तोफर टिन यांनी रचलेल्या ‘बाबा येतू’ या स्वाहिली प्रार्थनेला 2011 साली ग्रॅमी मिळाले. ती वाजते गेमच्या यादीच्या पानावर, जिथे खेळ सुरूच झालेला नसतो, म्हणून ती सर्वांना शेवटपर्यंत ऐकता आली. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला जगभरचे खेळाडू ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या धुनेवर मैदानात उतरले. 2022 च्या जानेवारीत व्हॅटिकनमध्ये सर्कशीच्या कलाकारांनी पोप फ्रान्सिस यांच्यापुढे कसरती केल्या, त्या ‘अंडरटेल’मधल्या ‘मेगालोव्हेनिया’वर. गेममध्ये ही चाल सरसकट सगळ्यांना मारत सुटलेल्या खेळाडूला शेवटी अद्दल घडवताना वाजते. धर्मसत्तेला ही पार्श्वभूमी कोणी सांगितली नसावी. 2023 साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने मारिओची धून राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली, 2025 साली ‘माइनक्राफ्ट’चा आल्बम.

मैफलींचा प्रघात जपानात ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे संगीतकार कोइची सुगियामा यांनी 1987 मध्येच पाडला होता. जपानबाहेर 2003 साली लाइपझिगला आणि 2022 साली लंडनच्या प्रॉम्स या संगीतमहोत्सवापर्यंत तो गेला. पण सभागृहात एक तांत्रिक अडचण येते. गेममधली चाल गोल फिरते, तिला शेवट नसतो. खेळाडू मरेल किंवा जिंकेल तेव्हा ती तुटते. व्हायोलिनवाल्यांना असे बेमुदत बसवून ठेवता येत नाही आणि प्रेक्षकांतून कोणाला मारताही येत नाही, म्हणून संयोजकांना प्रत्येक धुनेला शेवट नव्याने रचावा लागतो. आल्बम काढणाऱ्या कंपन्यांनी सोपा तोडगा काढला आहे: चालीच्या दोन फेऱ्या, मग आवाज हळूहळू कमी. एकच फेरी दिली तर ग्राहक पैसे परत मागेल, आणि तिसरी फेरी तो घरी स्वतः लावतो.